मेळावा आणि त्यानंतर

मेळावे भरवून माल खपवणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मांडव आणि कर्णे येतात. खानदेशातील एक उदाहरण मात्र निराळे आहे. वाकोदचे भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांनी कायद्याची पदवी असूनही १९६३ साली ७,००० रुपयांच्या भांडवलावर जळगावात रॉकेलचा व्यापार मांडला. १९८०च्या दशकात ते ठिबक सिंचनाकडे वळले. पाटाचे पाणी पाहत वाढलेल्या केळीवाल्याला थेंबाथेंबाने पाणी देणारी नळी पटणे कठीण. फसली तर वर्षाचे पीक जायचे! ही भीती जाहिरातीने जात नाही. म्हणून जळगावजवळील जैन हिल्सवर शेतकऱ्यांना उभ्या पिकात नेऊन ठिबक दाखवण्याची रीत पडली.

परंतु खरी कसोटी विक्रीनंतर लागते. क्षार साचून छिद्रे बुजतात, गाळणी वेळच्या वेळी धुवावी लागते. हे शिकवायला पुन्हा बांधावर जाणारा माणूसच गिऱ्हाईक टिकवतो, आणि अशी माणसे घडवणारा या व्यवसायात पुढारी होतो.

धुळे-जळगावच्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी हे क्षेत्र परके मानू नये. अहिराणीतली शंका नीट ऐकून अहिराणीतच उत्तर देता येणे, हे येथे मोठे भांडवल आहे.