ऐझॉलचा मोसम

2015-16च्या आय-लीगच्या गुणतक्त्यात तळाशी एक गंमत आहे. नऊ संघांत पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स शेवटचा आला आणि लीगमध्ये राहिला. त्याच्या एक घर वर मिझोरामचा ऐझॉल एफसी होता, तो मात्र खालच्या श्रेणीत गेला. नियमच तसा होता. शिवाजीयन्सना थेट प्रवेश मिळालेला, म्हणून पहिल्या वर्षी घसरण माफ. ऐझॉल दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून, म्हणजे मैदानातून वर आलेला, म्हणून त्याला माफी नाही. बालेवाडीच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये विखरून बसणारे आम्ही मोजके प्रेक्षक आपला संघ वाचला म्हणून खूश होतो. कोणाच्या जिवावर वाचला, याची चौकशी करायला कोण जातो!

त्याच्या पुढच्याच मोसमात हा घसरलेला ऐझॉल देशाचा विजेता झाला.

त्या वेळी इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘भारताचा लेस्टर’ असं लेबल लावून टाकलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. लेस्टर सिटी 2016 साली इंग्लंडचा विजेता झाला हा चमत्कार खराच, पण आदल्या मोसमात तो चौदावा होता. लीगमध्ये होता. ऐझॉलला तर लीगबाहेर काढलेलं होतं. तुलना करायचीच तर 1997-98च्या कैसरस्लाउटर्नशी करावी, जो दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि थेट जर्मनीचा विजेता झाला. पण तोही रीतसर बढती मिळवून आलेला. ऐझॉल आला तो गोवेकरांच्या रागामुळे.

हे प्रकरण समजून घ्यायला थोडी पार्श्वभूमी लागते, ती घाईत उरकतो. देशपातळीवरची क्लब लीग 1996-97 साली सुरू झाली, पहिली जेसीटीनं जिंकली. 2007 पासून तिचं नाव आय-लीग झालं आणि पहिले सहाच्या सहा मोसम गोव्यानं घेतले: धेंपोनं तीन, चर्चिल ब्रदर्सनं दोन, साळगावकरनं एक. 2014 साली इंडियन सुपर लीग आली. सिनेतारे, क्रिकेटपटू, रोषणाई, सगळं आलं. मग फुटबॉल महासंघानं हीच आता देशाची मुख्य लीग करण्याचा आराखडा मांडला, म्हणजे जुन्या क्लबांनी बाजूला व्हायचं. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा 2016 मध्ये बाहेर पडले. धेंपो तर दुसऱ्या श्रेणीतून नुकताच वर आला होता. त्यानंही नको म्हटलं. लीगला संघ कमी पडू लागले. ऐझॉलची बाजू तशी भक्कम होती, कारण घसरण झालेल्याच मोसमात त्यांनी फेडरेशन कपची अंतिम फेरी गाठली होती (गुवाहाटीत मोहन बागानकडून 5-0 असा मार खाल्ला, ते सोडा). महासंघानं त्यांना परत घेतलं. गोव्याच्या रिकाम्या खुर्चीवर मिझोराम बसला.

आता मुंबईकडे येतो. खालिद जमीलनं 2009 ते 2016 मुंबई एफसीचं प्रशिक्षण केलं. जन्म कुवेतचा, पण फुटबॉल सगळा मुंबईतला. खेळला महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसीकडूनच. त्याच्या हाताखाली मुंबई एफसी कधी विजेता होण्याच्या जवळपासही फिरकला नाही, पण एकदाही घसरला नाही. खेळ बघायला गोड नसे. मागे भिंत उभी करायची, बॉल पुढे मारायचा, कॉर्नर आणि फ्री-किकवर डोकं चालवायचं. कूपरेजच्या कृत्रिम हिरवळीवर हा खेळ पाहताना शेजारचे प्रेक्षक हमखास कुरकुरायचे. मला मात्र त्यात एक काटकसरी संसार दिसायचा: तुटपुंज्या पगारात महिना काढणाऱ्या घरात वरण थोडं पातळ होतं, पण उपाशी कोणी झोपत नाही. 2016 मध्ये मुंबई एफसीनं त्याला निरोप दिला. तो ऐझॉलला गेला. मुंबईत त्याच्याकडे खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या मोसमात ऐझॉलच्या लाल जर्सीत दिसले. गोलरक्षक होता गोव्याचा अल्बिनो गोम्स. थोडक्यात, ज्या किनारपट्टीवरून फुटबॉल ओसरत चालला होता, तिथली चार माणसं डोंगरात जाऊन उभी राहिली.

बाकीचा संघही असाच जमवलेला. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अमना, ज्याच्या पायाला बॉल लागला की खेळाचा वेगच बदलायचा; लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान; पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी; मागे नायजेरियाचा किंग्सली. आणि त्यांच्याभोवती मिझो मुलं: ब्रँडन, लालरुआत्थारा, लालरामचुल्लोवा, झोहमिंगलियाना राल्ते. लालरुआत्थारा बचावपटू म्हणून खेळायचा, पण विंगवरून असा काही धावत सुटायचा की समोरच्याची दमछाक व्हायची. पैशाच्या हिशेबात हा संघ बेंगळुरू किंवा कोलकात्याच्या दोघांच्या जवळपासही नव्हता.

पण ही मिझो मुलं आली कुठून, हा माझा खरा आवडीचा विषय, आणि संपादकांनी पानं सढळ दिली आहेत तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

मिझोरामची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत जेमतेम अकरा लाख. पिंपरी-चिंचवड त्याहून मोठं. एवढ्याशा राज्यात, जिथे सपाट जमीन शोधावी लागते, तिथे फुटबॉल घरोघरी आहे. शायलो मालसोमत्लुआंगा हा त्यांचा पहिला मोठा तारा. जमशेदपूरच्या टाटा अकादमीतून ईस्ट बंगालला गेला आणि कोलकात्यानं त्याला ‘मामा’ म्हणून डोक्यावर घेतलं. मग जेजे लालपेखलुआ. जेजे पुणे एफसीकडून बालेवाडीत खेळायचा. त्या मैदानात त्याचे गोल पाहिलेले लोक पुण्यात आजही सापडतील, फक्त शोधावे लागतील. 2014 मध्ये मिझोरामनं सिलिगुडीत रेल्वेला 3-0 हरवून संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा बाकीच्या देशाला जाग आली. तोवर तिथे काम होऊन गेलं होतं.

ते काम म्हणजे 2012 साली सुरू झालेली मिझोराम प्रीमियर लीग. तिच्यामागे ना कोणी उद्योगसम्राट, ना सिनेतारा. तिथल्या झोनेट नावाच्या केबलवाल्यांनी पाच वर्षांच्या प्रक्षेपणासाठी सव्वा कोटी रुपये मोजले, म्हणजे वर्षाला पंचवीस लाख. आपल्याकडे एखाद्या बऱ्या दहीहंडीचं बक्षीस! पण त्या पैशात गावचा फुटबॉल गावच्या टीव्हीवर आला. संध्याकाळी शहराच्या मधोमध लाम्मुआलच्या मैदानावर सामना, आणि घरी आजीबाई तो पाहतायत. शेजारचा मुलगा टीव्हीवर दिसतो म्हटल्यावर त्याच्या धाकट्या भावाला बूट घेऊन द्यायला आई-बाप तयार होतात. माझ्या मते भारतीय फुटबॉलमध्ये या शतकात झालेलं सर्वांत शहाणपणाचं काम हे आहे, आणि ते एका केबल ऑपरेटरनं केलं.

हे सगळं वाचून ऐकून होतो, म्हणून अखेर ऐझॉल पाहून आलो. लेंगपुईच्या विमानतळावर उतरलं की आधी खिडकीवर इनर लाइन परमिट काढायचं, मग वळणावळणाच्या रस्त्यानं शहरात. रस्त्यांवर हॉर्न वाजत नाही, हे पुणेकराला पहिल्यांदा चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मुआलपुईला राजीव गांधी स्टेडियम पाहायला निघालो तेव्हा टॅक्सीवाल्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, कुठून आलात? पुण्याहून म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, “शिवाजीयन्स!” पुण्यात इतकी वर्षं काढली, पण रिक्षावाल्याच्या तोंडून कधी हे नाव ऐकलं नव्हतं. आता कुठे खेळतात, त्यानं विचारलं. क्लब बंद पडला, असं सांगावं लागलं. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखा विषय बदलून जयेश राणेवर आणला. स्टेडियम डोंगर कापून बसवलेलं आहे. मी गेलो तेव्हा मैदानावर शाळकरी पोरांचा सराव चालू होता. ढग इतका खाली आला होता की पलीकडचा गोलपोस्ट मध्येच दिसेनासा व्हायचा. पोरं थांबली नाहीत. ज्या बाजूला बॉल गेला त्या बाजूनं आरडाओरडा ऐकू यायचा, त्यावरून आपण समजायचं.

याच मैदानात 22 एप्रिल 2017 रोजी, शनिवारी, तो सामना झाला. लीगच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या. ऐझॉल आणि मोहन बागान दोघांचे गुण 33. बागानकडे सोनी नॉर्दे, कात्सुमी युसा, आणि मिझोरामचा लाडका जेजेही त्यांच्याच संघात. अख्खं शहर ज्याच्यावर जीव टाकतं तोच विरुद्ध बाजूला! सामना चुरशीचा, पण सुंदर नव्हता. खालिदचे महत्त्वाचे सामने सहसा सुंदर नसतातच. शेवटची दहा मिनिटं उरली आणि कॉर्नरवर झोहमिंगलियाना राल्तेनं डोक्यानं बॉल जाळ्यात घातला. एक बचावपटू, एक कॉर्नर, एक हेडर: 1-0. कूपरेजवर कुरकुरणाऱ्यांना मी हा गोल पुन्हा पाहायला सांगतो.

आता शेवटच्या सामन्यात एक गुण पुरणार होता. तो सामना शिलाँगला, लाजाँगविरुद्ध, 30 एप्रिलला. वार रविवार. मिझोराममध्ये रविवारी फुटबॉल नाही, बाजार नाही, दिवस चर्चचा. आणि राज्याच्या क्रीडा इतिहासातला सर्वांत मोठा सामना नेमका रविवारी आला, तोही परमुलखात! तरी डोंगररस्त्यांनी रात्रभर प्रवास करून समर्थकांचे लोंढे शिलाँगला पोचले.

मी तो टीव्हीवर पाहत होतो, हातातल्या मोबाइलवर कोलकात्याचा स्कोअर. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांदा डिकानं गोल केला. हा कॅमेरूनचा डिका त्या मोसमात 11 गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला. लाजाँगला त्या सामन्यातून काही मिळवायचं नव्हतं, संघात मिझो मुलंही होती, ईशान्येतल्याच दुसऱ्या राज्याला हात ढिला सोडायची मुभा जणू होतीच. त्यांनी सोडला नाही. सगळ्या मोसमात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही. जवळजवळ तासभर ऐझॉल पिछाडीवर होता. 67व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली आणि त्यानंतर खालिदच्या संघानं तेच केलं जे त्याला मुंबईत वर्षानुवर्षं करता येत होतं: गुण वाचवला. तिकडे रवींद्र सरोवरवर बागाननं चेन्नई सिटीला 2-1 हरवलं, पण उपयोग नव्हता. 18 सामन्यांत ऐझॉलचे गुण 37, बागानचे 36. ईशान्येतल्या क्लबनं देशाची लीग जिंकण्याची ही पहिली वेळ. लेंगपुई ते ऐझॉल रस्ता माणसांनी भरून गेला.

पुढचं सांगायला फार आनंद होत नाही. मोसम संपताच सुपर लीगमध्ये दोन नवे संघ घेतले, बेंगळुरू आणि जमशेदपूर. देशाच्या विजेत्याला जागा नव्हती. क्लबचे मालक रॉबर्ट रोयते आणि त्यांची माणसं दिल्लीच्या दारात भांडली, काही झालं नाही. खालिद आणि अल-अमना ईस्ट बंगालला गेले, कामो आणि किंग्सली मोहन बागानला, राणे, मेहता, गोम्स आणि लालरुआत्थारा सुपर लीगला. संघ विस्कटला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जानेवारी 2018 मध्ये ऐझॉल इराणला जाऊन झोब आहानशी खेळला आणि 3-1 हरला. तेवढाच मान.

आणि आपण? 2016-17च्या त्याच तक्त्यात मुंबई एफसी सर्वांत तळाला होता. घसरला, आणि मग क्लबच बंद झाला. शिवाजीयन्सही त्याच मोसमानंतर संपला. पुणे एफसी 2015 मध्येच गेला होता. त्यानंतर थेट 2021-22 मध्ये मुंबईचा केंकरे एफसी येईपर्यंत आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. मुंबईनं नको म्हटलेला खालिद जमील ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. गोव्याच्या सावियो मेडेरानंतर त्या खुर्चीवर पूर्णवेळ बसलेला पहिला भारतीय.

ऐझॉलला जाणं सगळ्यांना जमेल असं नाही. पण कूपरेज चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे मुंबईतल्या स्थानिक क्लबांचे सामने होतात आणि गर्दीची भीती अजिबात नाही. एखादी दुपार मोकळी काढा आणि जाऊन बसा. कोणता पोरगा पुढे जाणार, हे सांगायला बाकावरची जुनी मंडळी एका पायावर तयार असतात.