पुनर्विकासाच्या सभेत चित्र नको, मॉडेल मागा

लालबाग-परळच्या चाळीत पुनर्विकासाची सभा भरली की पडद्यावर आधी झळकतो तो टॉवर: खाली हिरवळ, वर निळं आकाश. आपल्या न्हाणीघराच्या छतातून वरच्या घराची ड्रेनेज लाईन जाणार की नाही, हे त्या चित्रातून कळत नाही. ते सांगू शकतं बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बीआयएम.

बीआयएममधली भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नसतात. तिची जाडी, साहित्य, उंची तिच्यासोबत नोंदलेली असते. दरवाजा सहा इंच रुंद केला की प्लॅन, सेक्शन आणि साहित्याचा हिशेब, तिन्ही बदलतात. आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि प्लंबिंगवाले यांची मॉडेल्स एकत्र ठेवली, की बीममधून पाईप कुठे जातोय हे सॉफ्टवेअर दाखवतं. याला ‘क्लॅश डिटेक्शन’ म्हणतात. नाहीतर तो पाईप स्लॅब टाकल्यावर सापडतो; मग कोअर कटिंग करा, नाहीतर फॉल्स सीलिंग खाली घ्या. नागपूर मेट्रोने अशाच मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडून ‘फाइव्ह-डी’ पद्धत वापरली.

गिरगाव-दादरला बीआयएमची गरज जास्त. प्लॉट चिंचोळा, तळमजल्यावर जुने दुकानदार, वर पार्किंगचे मजले, त्यावर रहिवाशांची आणि विक्रीची घरं. दुकान, गाडी आणि स्वयंपाकघर या तिघांनाही अडचण होणार नाही, अशा जागी कॉलम उतरवायचा असतो. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या, उपकरप्राप्त इमारतींसाठीच्या ३३(७) नियमात घराचं किमान क्षेत्र ३०० चौरस फूट आहे. एवढ्याशा घरात डक्ट थोडा सरकला तरी कपाटाची जागा जाते. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून ५०० चौरस फुटांच्या घरांत जाणाऱ्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. तिथेही एकच आराखडा मजल्यामागून मजल्यावर उतरतो. त्यातली चूकही तशीच उतरते.

‘पण महापालिका प्लॅन तपासतेच ना?’ तपासते. ऑटो-डीसीआर हे सॉफ्टवेअर नकाशा वाचून एफएसआय, मोकळी जागा, जिन्याची रुंदी ‘डीसीपीआर २०३४’ या विकास नियमावलीशी ताडून पाहतं. पण ते नकाशा आणि नियम जुळवतं. साइटवरचा फिटर कोणत्या तारखेचा नकाशा हातात घेऊन सळया बांधतोय, हे त्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये जुनी आणि नवी प्रत सहज मिसळते. म्हणूनच २०१८ पासूनच्या ‘आयएसओ १९६५०’ या मानकात सगळ्यांसाठी एकच सामायिक फाईल-कोठार सांगितलं आहे: प्रत्येक नकाशाला सुधारणा-क्रमांक, आणि मंजूर झालेला कोणता, चर्चेतला कोणता, याची नोंद.

अर्थात, मॉडेल भरणाऱ्याने भिंतीची जाडीच चुकीची भरली, तर सॉफ्टवेअर तीच चूक सुबक करून दाखवेल. त्यामुळे सोसायटीने करारातच चार गोष्टी लिहून घ्याव्यात. आपल्या घराच्या नकाशावर सुधारणा-क्रमांक हवा. बदल झाला तर लेखी कळवलं पाहिजे. क्लॅश तपासणीचा अहवाल स्लॅबच्या आधी सोसायटीच्या सल्लागाराला मिळाला पाहिजे. आणि ताबा देताना, प्रत्यक्ष बांधलं तसं मॉडेल सोसायटीच्या ताब्यात आलं पाहिजे. बिल्डर निघून गेल्यावर बाविसाव्या मजल्यावर गळती लागली, तर कोणती भिंत फोडायची हे प्लंबरला त्यावरूनच कळणार आहे.