स्टाउटमधला कडवटपणा कसा पारखावा

स्टाउटसारखी काळी बिअर म्हणजे जड आणि लवकर चढणारी, हा समज आधी सोडावा. डब्लिनच्या गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल 4.2 टक्केच असते. कितीतरी सोनेरी लागर तिच्याहून तीव्र असतात. काळेपणा येतो तो खरपूस भाजलेल्या सातूमुळे. 1817 साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, भाजायच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर मूठभर काळ्या माल्टवर अख्ख्या घाण्याला रंग चढू लागला. म्हणून रंगावर फार भाळू नये. बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बीजेसीपी या संस्थेच्या गुणपत्रिकेतही 50 पैकी दिसण्याला 3 गुण, वासाला 12 आणि चवीला 20 आहेत.

बाटली फ्रिजमधून काढल्यावर थोडी थांबू द्या. फार गार स्टाउटचा वास दबलेला असतो. साधी स्टाउट दहा अंशांच्या आसपास आणि जड इम्पीरियल स्टाउट त्याहून थोडी कोमट बरी. कॉफी, कडू चॉकलेट, पावाची भाजलेली कड असे वास यायला हवेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागून ती शिळी झाली आहे. लोण्याचा ठसठशीत वास आला तर आंबवण बहुधा नीट पुरे झालेले नाही.

आता घोट. तो तोंडात फिरवा आणि गिळा, थुंकू नका. कडवटपणाचा बराच भाग गिळल्यानंतर कळतो. इथे घाई करू नका, कारण स्टाउट कडू आहे एवढे म्हणून काहीच सांगितल्यासारखे होत नाही. बिअरमध्ये घातलेली हॉप्सची फुले उकळताना त्यांतली आम्ले रूप बदलतात आणि त्यातून स्वच्छ, रेंगाळणारा कडूपणा येतो. भाजलेल्या धान्याचा कडूपणा वेगळा. तो कॉफीचा वास सोबत घेऊन येतो आणि त्याला किंचित आंबूस धार असते. हे दोन्ही हवेत. तिसरी गोष्ट म्हणजे तुरटपणा. फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखी जीभ कोरडी पडते, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. हा बहुतेक वेळा धान्याच्या टरफलांतून उतरतो. तो जाणवेल इतका असला, किंवा भाजणे राखेसारखे करपट लागले, तर मी गुण कापतो, मग बाकी बिअर कितीही दमदार असो.

कडूपणा किती भासतो हे बिअरमधल्या वायूवरही ठरते. गिनेसमधल्या मायकेल ॲश यांनी 1959 च्या सुमारास बिअर ग्लासात ओतायची नायट्रोजनवर चालणारी पद्धत बसवली. नायट्रोजन बिअरमध्ये फारच कमी विरघळतो. त्याचे बुडबुडे बारीक राहतात, फेस सायीसारखा दाट होतो आणि कार्बन डायऑक्साइडची चुणचुण घटते. त्यामुळे कडूपणाही मवाळ भासतो. म्हणून नायट्रोजनवरची आणि साध्या वायूची स्टाउट शेजारी ठेवून कुठली जास्त कडू, हे ठरवू नये.

थोडी बिअर ग्लासात मुद्दाम राहू द्या आणि ती कोमट झाल्यावर पुन्हा चाखा. गारव्यात लपलेला तुरटपणा किंवा शिळेपणा तेव्हा उघडा पडतो. गुण त्यानंतरच लिहावेत.