इमानी राखणदार घरात आणण्यापूर्वी

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरी करणारी आपली कितीतरी कुटुंबे क्वार्टर सोडून, हमरस्त्याच्या बाजूला प्लॉट घेऊन स्वतःच्या घरात राहायला गेली आहेत. आयुष्यभराच्या पगारातून उभे राहिलेले घर. घरधनी पाळीला गेलेला, मुले शाळा-कॉलेजात, घरात बाई एकटी आणि आजूबाजूचे प्लॉट अजून रिकामे. अशा घराला राखणदार हवा असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पूर्वी अशा वेळी लोक ‘अल्सेशियन’चे नाव घेत. आता तरुणांच्या तोंडी ‘रॉटवायलर’ हे नाव असते. काळाकुळकुळीत, रुंद छातीचा, मोठ्या डोक्याचा, डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके असलेला हा कुत्रा मुलांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. ‘हा खरंच इमानी असतो का? लेकरांना काही करणार नाही ना? पाळावा की नाही?’ असे प्रश्न आम्हाला विचारले जातात. आम्ही पशुवैद्य नाही. पण वस्तीत काम करताना कुत्र्यावरून झालेली शेजारभांडणे मिटवायला बसावे लागते, म्हणून या विषयाची माहिती करून घ्यावी लागली. ती येथे देत आहोत.

इमानाची जुनी ओळख

कुत्र्याच्या इमानाचे कौतुक आपल्या मुलखाला नवे नाही. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले असे सांगतात. रायगडावरील ‘वाघ्या’च्या पुतळ्याला इतिहासाचा पुरावा काय, यावर वाद झाले आणि २०१२ मध्ये तो पुतळा काही काळ हटवलाही गेला. पण तो वाद वेगळा.

बाबासाहेबांनाही कुत्र्याची आवड होती. दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले त्यांच्या कुटुंबाचे प्रसिद्ध छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर आहे. त्यात यशवंतराव आहेत, माता रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे आणि ‘टॉबी’ नावाचा त्यांचा लाडका कुत्राही आहे. घरच्या माणसांच्या छायाचित्रात कुत्र्यालाही जागा मिळाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दाराबाहेर साखळीला कायमचा बांधलेला प्राणी आणि घरातला एक जीव यांत मोठा फरक असतो. रॉटवायलरच्या बाबतीत तर सगळे याच फरकावर अवलंबून आहे.

खाटकाचा कुत्रा

रॉटवायल हे जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील फार जुने, रोमन काळापासूनचे गाव. तेथील खाटीक आणि जनावरांचे व्यापारी या दणकट कुत्र्यांकडून गुरे हाकून बाजारात नेत, रात्री त्यांची राखण करवून घेत आणि मांसाची हातगाडीही ओढायला लावत. गुरे विकून परतताना व्यापारी पैशाची थैली कुत्र्याच्याच गळ्यात बांधत, कारण तेथे हात घालण्याची कुणाची छाती नव्हती, असेही सांगतात. म्हणजे हा काही राजवाड्यातला शोभेचा प्राणी नव्हे. हा कष्टकऱ्यांचा, कामाचा कुत्रा.

पुढे रेल्वे आली. गुरे डब्यातून जाऊ लागली आणि या कुत्र्याचे काम गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वाण जवळजवळ संपत आला होता. मग पोलिसांना त्याचा उपयोग कळला आणि १९१० साली जर्मनीत त्याला पोलिसी कुत्रा म्हणून मान्यता मिळाली. १९२१ मध्ये तेथे या वाणाची देशव्यापी संस्था स्थापन झाली आणि पैदास शिस्तीने होऊ लागली.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी ६१ ते ६८ सेंटिमीटर उंच आणि सुमारे ५० किलो वजनाचा असतो. मादी ५६ ते ६३ सेंटिमीटर आणि सुमारे ४२ किलो. म्हणजे एका सडपातळ बाईइतके वजन, आणि तेही सगळे स्नायूंचे. असा कुत्रा एकदा ओढू लागला की शाळकरी मुलाच्या हातात पट्टा राहत नाही.

स्वभाव कसा असतो?

चांगल्या आईबापांचा आणि नीट वाढवलेला रॉटवायलर शांत असतो. उगाच भुंकत नाही. पाहुणा आला तर आधी लांबून निरखतो, अंगाशी लगट करीत नाही. घरच्या माणसांवर मात्र त्याचा फार जीव. या खोलीतून त्या खोलीत पाठोपाठ येईल, पायाशी बसेल, आपले अवाढव्य अंग मांडीवर टाकील. त्याला एकटेपणा सोसत नाही.

तो हुशार असतो आणि लवकर शिकतो. पण तो स्वतःही विचार करतो. घरात शिस्त नसेल, आज एक जण ‘नको’ म्हणतो आणि उद्या दुसरा तेच करू देतो असे चालले असेल, तर हा कुत्रा आपले नियम आपणच ठरवतो. शरीराने तो वर्ष-दीड वर्षात मोठा दिसू लागतो, पण समज यायला दोन-तीन वर्षे लागतात. अंगाने पहिलवान आणि डोक्याने पोर, हाच काळ सर्वांत जोखमीचा.

गुरे हाकण्याची त्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. अंगाने धक्का देणे, टेकून उभे राहणे हे तो प्रेमानेही करतो. लहान लेकरू त्या धक्क्याने पडते. पळणारी, किंचाळणारी मुले पाहिली की त्याला पाठलागाची ओढ वाटते. म्हणून लहान मूल आणि हा कुत्रा, कितीही गुणी असला तरी, मोठे माणूस जवळ नसताना एकत्र ठेवू नयेत.

राखण म्हणजे चावणे नव्हे

आपल्याकडे एक गैरसमज घट्ट आहे. कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्याला बांधून ठेवायचे, कुणाशी मिसळू द्यायचे नाही, काठीने डिवचायचे. काही जण तर मिरची खाऊ घालतात. हे अज्ञान आहे आणि क्रौर्यही आहे. असा कुत्रा राखणदार होत नाही, भित्रा होतो. भ्यालेला पन्नास किलोचा कुत्रा कुणालाही चावतो, मालकालाही.

खरा राखणदार तो, ज्याला नेहमीचे काय आणि वेगळे काय हे कळते. ते कळण्यासाठी त्याने नेहमीचे जग पाहिलेले असावे लागते. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आपले वाटते. त्या काळात त्याला दूधवाला, पोस्टमन, छत्रीवाला माणूस, सायकल, कारखान्याचा भोंगा, शेजारची म्हातारी, जयंतीच्या मिरवणुकीतला बँड हे सारे सुरक्षित अंतरावरून दाखवावे. मारून नव्हे, तर चांगले वागल्यावर तुकडा देऊन शिकवावे. चोरावर भुंकायला त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. तो मुळातच राखणदार आहे. शिकवायचे असते ते थांबायला.

‘जात’ या शब्दाचा घोटाळा

मराठीत कुत्र्याच्या वाणालाही आपण ‘जात’ म्हणतो आणि त्यामुळे विचारात घोटाळा होतो. कुत्र्याच्या जाती माणसाने मुद्दाम जोड्या लावून घडवल्या. माणसांच्या जाती कुणी अशा पैदास करून घडवलेल्या नाहीत. जातिभेदाने वंश सुधारतो हा दावा बाबासाहेबांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये खोडून काढला आहे. तेव्हा कुत्र्या-घोड्यांचे दाखले देऊन माणसाची उच्चनीचता सांगणाऱ्याचे मुळीच ऐकू नये.

गंमत अशी की कुत्र्याच्या बाबतीतही जात म्हणजे सर्वस्व नव्हे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातील जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो, असे त्यांना आढळले. पण रॉटवायलरचे वजन आणि जबडा मात्र जातीनेच येतात. लहान कुत्र्याची चूक टाक्यावर निभावते, याची चूक जिवावर बेतू शकते. म्हणून याच्या मालकाची जबाबदारी मोठी.

दात कुणाला लागतात?

मे २०२४ मध्ये चेन्नईत एका सार्वजनिक बागेत दोन मोकळ्या रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केले. ती मुलगी त्याच बागेच्या राखणदाराची. बाप दुसऱ्याची राखण करतो आणि दुसऱ्याच्या राखणदाराचे दात त्याच्याच लेकीला लागतात. कुत्र्यांच्या मालकावर गुन्हा दाखल झाला, पण पोरीच्या डोक्यावरचे घाव तेवढ्याने भरत नाहीत.

आपणही विचार करावा. आपल्या फाटकाशी रोज कोण येते? धुणीभांडी करणारी बाई, भाजीवाली, सिलिंडरवाला, वर्गणी मागायला येणारी पोरे. सगळी आपल्यासारखीच पोटासाठी फिरणारी माणसे. चोर तर क्वचित येतो. कुत्रा चावला तर तो यांनाच चावणार, हे मनाशी धरूनच असा कुत्रा पाळावा किंवा पाळू नये.

कायद्याची स्थितीही माहीत असावी. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ प्रकारच्या कुत्र्यांची विक्री व पैदास थांबवण्यास सांगितले होते. त्यात रॉटवायलरचे नाव होते. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते पत्र रद्द ठरवले. पण मालकाची जबाबदारी त्यामुळे सुटत नाही. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसाचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्यात हयगय करणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

आपले ऊन, आपला पगार

हा थंड मुलखातला, दाट काळ्या केसांचा प्राणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या शेडखाली बांधलेला रॉटवायलर उष्माघाताने तासाभरात मरू शकतो. त्याला पंखा, सावली, ओली फरशी, सतत पाणी हवे. फिरवणे सूर्य उगवण्यापूर्वी आणि मावळल्यानंतर.

नुसत्या दूधभातावर तो निभत नाही. अंडी, मांस असा दमदार आहार लागतो. मात्र शिजवलेल्या कोंबडीची हाडे, कांदा, द्राक्षे-मनुका आणि चॉकलेट त्याला कधीच देऊ नये. पिल्लाला खाऊ घालून लठ्ठ केले तर खुब्याचे सांधे बिघडतात. तो आजार या वाणात आधीच पुष्कळ आहे. आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षांचे. पार्वो, डिस्टेंपर आणि रेबीज यांच्या लसी चुकवू नयेत. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणे २०१७ च्या नियमांनी बंद आहे, तेव्हा डोळे नुकते उघडलेले पिल्लू कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये.

कोणताही कुत्रा चावला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जावे आणि सर्व इंजेक्शने पूर्ण घ्यावीत. रेबीज झाल्यावर उपाय नाही, त्याआधी मात्र नक्की आहे.

मग काय करावे?

फिरवायला रोज तास-दीड तास काढणारे मोठे माणूस घरात असेल, पक्के कुंपण असेल, दवाखान्याचा खर्च झेपणार असेल आणि कुत्र्याला घरातला म्हणून वाढवण्याची तयारी असेल, तरच रॉटवायलर आणावा. अशा घरात तो सोन्यासारखा कुत्रा ठरतो. यातले एकही जमणार नसेल तर हौस आवरावी.

आणि खरे विचाराल तर, आपल्या बहुतेक घरांना दात नकोत, कान हवेत. रात्री अनोळखी पाऊल वाजताच भुंकून घर जागे करणारा कुत्रा पुरतो. ते काम आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा उत्तम करतो. त्याला आपले ऊन सोसते, घरचे साधे अन्न पचते, आणि तो विकत घ्यावा लागत नाही. रस्त्यावरचे एखादे निरोगी पिल्लू उचलावे, लस टोचावी, नसबंदी करून घ्यावी, नाव ठेवावे, पावसात ओसरीवर घ्यावे. इमान हा कोणत्याही एका जातीचा मक्ता नाही. ज्याला घर मिळते, तो घर राखतो.