पासबुकातील अनोळखी हॉटेलची नोंद : ओळखावी कशी आणि हरकत केव्हा घ्यावी



लागण, खोडवा, पाचट, हुमणी या विषयांवर आम्ही या पानांतून नेहमीच लिहितो. या खेपेचा विषय थोडा वेगळा आहे, पण उसाच्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे. लागण नोंदीसाठी गट कार्यालयात येणारे सभासद हल्ली सात-बारा उताऱ्याबरोबर बँकेचे पासबुकही पुढे करतात आणि विचारतात, "साहेब, हे नाव कुणाचं? असल्या माणसाला आम्ही कधी पैसं दिलेलं नाहीत." पाहावे तर नोंद बहुधा एखाद्या हॉटेलची किंवा खानावळीची असते.

अशा वेळी दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण आपल्याच जेवणाची नोंद पाहून घाबरतो आणि चोरी झाली म्हणून बँकेत भांडायला जातो. दुसरा "तीनशे-चारशे रुपयांसाठी कोण हेलपाटा घालणार" म्हणून खरी चोरीसुद्धा सोडून देतो. पहिल्याचा वेळ जातो. दुसऱ्याचे मात्र पुढचे ऊसबिल धोक्यात येते, कारण ते त्याच खात्यावर जमा व्हायचे असते. म्हणून नोंद वाचायची कशी हे नीट समजून घ्यावे.

पाटीवरचे नाव आणि दप्तरातले नाव

आपल्या रानाला घरात आपण "मळीचं रान", "विहिरीची पट्टी", "वरचा माळ" म्हणतो. सात-बाऱ्यावर यातले एकही नाव नसते. तिथे गट नंबर आणि खातेदाराचे नाव असते. हॉटेलचेही तसेच आहे. दारावरची पाटी गिऱ्हाइकासाठी असते. बँकेच्या दप्तरात मात्र ज्याच्या नावे खाते असेल, त्याचेच नाव लागते.

आपल्या नृसिंहवाडीचेच उदाहरण घेऊ. पौर्णिमेला घरची मंडळी दर्शनाला जातात. पादुकांचे दर्शन झाले, संगमावर हातपाय धुतले, मग कुठेतरी नाष्टा होतो, पेढे आणि बासुंदी बांधून घेतली जाते. पैसे मोबाईलवरून, चौकोनी चित्र स्कॅन करून दिले जातात. दुकानावर पाटी असते देवाच्या नावाची आणि खाते असते मालकाच्या, त्याच्या मुलाच्या किंवा सौभाग्यवतींच्या नावे. पासबुकात तेच नाव येते, तेही जागा पुरत नाही म्हणून अर्धवट तुटलेले. एका फेरीत तीन ठिकाणी खर्च केला असेल तर तीन अनोळखी नावे दिसतात. त्यात चोर कोणीच नसतो.

शहरात शिकणाऱ्या मुलांच्या खर्चात हा प्रकार आणखी वाढतो. डॉमिनोजचा पिझ्झा विकणारी कंपनी जुबिलंट फूडवर्क्स ही आहे. पश्चिम व दक्षिण भारतातील मॅकडोनल्ड्सची दुकाने हार्डकॅसल रेस्टॉरंट्स ही कंपनी चालवते. घरपोच जेवण देणाऱ्या झोमॅटोच्या कंपनीचे नाव २०२५ मध्ये इटर्नल झाले. स्विगीच्या कंपनीचे नाव २०२४ पर्यंत बंडल टेक्नॉलॉजीज असे होते. पेटीएम चालवणारी कंपनी वन नाइन्टी सेव्हन कम्युनिकेशन्स आहे. मुलगा पुण्यात जेवला आणि पासबुकात मुंबई, नोएडा किंवा बेंगळुरूची कंपनी दिसली, तर दचकू नये. गाव बहुधा कंपनीच्या मुख्य कचेरीचे असते.

नोंद वाचण्याची रीत

नावावरून माणूस ओळखण्याचा प्रयत्न आधी करू नये. काट्याची पावती तपासताना आपण तारीख, गाडी आणि वजन ताडून पाहतो. तीच सवय इथे लावावी.

१) रक्कम : अचूक आकडा पाहावा. जेवण ४०० रुपयांचे आणि नोंद ४२० रुपयांची असेल तर वरचे २० रुपये बहुधा जीएसटीचे असतात. साध्या हॉटेलातील जेवणावर हा कर ५ टक्के आहे. मात्र कंपोझिशन योजनेतील छोट्या हॉटेलवाल्याला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, म्हणून बिल मागून घ्यावे. बिलात "सर्व्हिस चार्ज" लावलेला दिसला तर तो आपल्या खुशीवर आहे. तो आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. त्याबाबत तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

२) तारीख : मोबाईलवरून दिलेले पैसे लगेच खात्यातून जातात. कार्ड घासून दिलेल्या पैशाची पक्की नोंद मात्र एक-दोन दिवस पुढे पडू शकते. त्यामुळे कार्डाची नोंद असेल तर आदल्या दोन-तीन दिवसांचे फिरणे आठवावे.

३) प्रकार : नोंदीत "यूपीआय" असेल तर व्यवहार मोबाईलवरचा, "पीओएस" असेल तर दुकानातील यंत्रावर कार्ड घासलेला. "डीआर" म्हणजे नावे, पैसे गेले. "सीआर" म्हणजे जमा.

४) बारा आकडी क्रमांक : यूपीआयच्या नोंदीत साधारणपणे बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. मोबाईलमधील व्यवहारांच्या यादीत तोच क्रमांक सापडला, तर पैसे त्या फोनवरून गेले हे नक्की.

५) घरची चौकशी : खात्याला मुलाचा फोन जोडलेला आहे का, एटीएम कार्ड कोणाकडे आहे, हे विचारावे. रागावून विचारू नये, नाहीतर पोरगं खरं सांगत नाही. काही वेळा एकदा मंजुरी दिलेले "ऑटोपे" दर महिन्याला पैसे ओढत असते. ॲपमध्ये त्याची यादी असते आणि तिथूनच ते बंद करता येते.

पैसे गेले, पण हॉटेलवाल्याला मिळाले नाहीत

ही तक्रारही नेहमीची आहे. वाडीत गर्दीच्या दिवशी मोबाईलची रेंज मिळत नाही. स्कॅन केले, चक्र फिरत राहिले, शेवटी रोख देऊन मंडळी उठली. घरी आल्यावर पाहतात तर खात्यातूनही पैसे गेलेले. हा बुडीत पैसा समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला दिलेला असा फसलेला यूपीआय व्यवहार पाच दिवसांत आपोआप परत फिरला पाहिजे. उशीर झाल्यास बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यायची आहे. रोख दिल्याची पावती मात्र जपून ठेवावी.

खरी चोरी असेल तर

वरील पाचही गोष्टी तपासून नोंद जुळली नाही, तर त्या दिवशीच हालचाल करावी. हा या लेखातील सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये व्यापारी बँकांना आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांना परिपत्रक काढून सांगितले, की चूक ना बँकेची ना खातेदाराची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि खातेदाराने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंतचा तोटा खातेदाराच्या अंगावर येऊ शकतो. त्यानंतर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू. उलट पिन किंवा ओटीपी आपणच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा आपला. असे नियम सुधारत राहतात, म्हणून शाखेत चालू नियम विचारावा. पण दिवस मोजत बसू नये. जितका उशीर, तितके आपले नुकसान.

इथेच आपल्या ऊसकरी मंडळींचे दुखणे आहे. नोकरदार दर महिन्याला पगार पाहतो. आपण पासबुक भरून आणतो ते ऊसबिल जमा झाल्यावर, म्हणजे वर्षातून एक-दोन वेळा. मुदत मात्र पासबुक भरल्यापासून चालू होत नाही, बँकेचा संदेश आल्यापासून होते. आणि तो संदेश जातो जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर, नाहीतर पुण्याच्या पोराच्या फोनवर. तेव्हा गाळप हंगामापूर्वी शाखेत जाऊन आपला चालू नंबर खात्याला जोडून घ्यावा. महिन्यातून एकदा पासबुक भरावे.

चोरीची खात्री वाटली तर पुढीलप्रमाणे करावे :

- कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर फोन करून कार्ड अथवा यूपीआय बंद करून घ्यावे. इंटरनेटवर शोधलेल्या "कस्टमर केअर" नंबरवर फोन करू नये, त्यात ठकांचे नंबर पेरलेले असतात.
- १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर त्वरित तक्रार नोंदवावी. लवकर कळवल्यास पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते.
- शाखेत लेखी अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. "तोंडी सांगितलं होतं" याला दप्तरात किंमत नाही.
- ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही नोव्हेंबर २०२५ पासून या योजनेत आल्या आहेत.

रक्कम लहान आहे म्हणून सोडू नये. चोरलेले कार्ड चालते का हे पाहण्यासाठी ठक आधी थोडीशी रक्कम काढून पाहतात. उसाच्या कडेचा एक बुडखा हुमणीने वाळला, तर आपण तेवढाच उपटून गप्प बसत नाही, मुळाशी माती उकरून पाहतो. तसेच हे आहे.

पैसे देतानाच घ्यायची काळजी

पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचे नाव वाचावे आणि गल्ल्यावर विचारावे, "हे नाव तुमचंच काय?" काही ठिकाणी दुकानाच्या चित्रावर ठक स्वतःचे चित्र चिकटवतात. ते या एका प्रश्नाने उघडे पडते. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही. "पैसे परत देतो, पिन टाका" असे कोणी म्हटले की तो लबाड समजावा. आणि बिलाच्या कागदावर मोबाईलमधील नाव लिहून तो कागद पासबुकात ठेवावा. पुढच्या पौर्णिमेपर्यंत कोणाला काय दिले, याचा विसर पडतोच.

उसाचे टिपरू जमिनीत गेल्यापासून बिल हाती येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. त्या पैशाची राखण पासबुक वाचण्याच्या दहा मिनिटांत होत असेल, तर ती दहा मिनिटे प्रत्येक सभासदाने महिन्यातून एकदा काढावीत, अशी आमची विनंती आहे. नोंद वाचता येत नसेल तर गट कार्यालयात पासबुक घेऊन यावे, आमचे कर्मचारी समजावून सांगतील. पिन मात्र आम्हालाही सांगू नये.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग