चहाच्या दुकानांनी घडवलेली विद्याशाखा

१९५१च्या नोव्हेंबरात लंडनच्या कॅडबी हॉलमध्ये एका खोलीभर पसरलेल्या यंत्रानं पाव आणि केकचा हिशेब मांडला. बेकरीत काय तयार झालं, त्याला खर्च किती आला, माल कुठं गेला, एवढंच ते गणित. पण एखाद्या धंद्याचं नेमाचं काम संगणकाकडे सोपवण्याची जगातली ही पहिली वेळ मानली जाते. यंत्राचं नाव लिओ, म्हणजे ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’. त्याची मालक जे. लायन्स ही कंपनी केक बनवायची आणि चहाची दुकानं चालवायची. आज विद्यापीठांत ‘माहिती प्रणाली’ या नावानं जो विषय शिकवला जातो, त्याचं एक मूळ या बेकरीत आहे.

बेकरीला संगणक का हवा होता? लायन्सचा व्यवहार चिल्लर रकमांचा आणि अफाट संख्येचा. एका कपामागे नफा अगदी थोडा, त्यामुळे कारकुनीचा खर्च वाढला की तो नफा संपलाच. म्हणून केंब्रिजचा गणितातला रँग्लर जॉन सिमन्स याला कंपनीनं १९२३ सालीच नोकरीत घेतलं होतं. कचेरीतलं प्रत्येक काम कसं चालतं आणि ते तसं का चालतं, हे शोधणारा स्वतंत्र विभाग त्यानं उभा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेत जाऊन नवी गणनयंत्रं पाहून आले. तिथं त्यांना कळलं, की असंच यंत्र आपल्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात तयार होतंय. कंपनीनं त्या एडसॅक प्रकल्पाला तीन हजार पौंड दिले आणि १९४९मध्ये ते यंत्र चालू लागल्यावर त्याच्या धर्तीवर जॉन पिंकर्टन या अभियंत्याकडून लिओ बांधून घेतला.

खरी करामत मात्र कामाच्या मांडणीत होती. चहाच्या दुकानांच्या रोजच्या मागणीचंच घ्या. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेला रोज मागणीचे तक्ते भरावे लागत. विश्लेषकांच्या ध्यानात आलं, की सोमवारची मागणी बहुतेक गेल्या सोमवारसारखीच असते. मग वाराप्रमाणे ठरलेली मागणी यंत्राकडे ठेवली गेली. व्यवस्थापिकेनं दुपारी येणाऱ्या फोनवर फक्त फरक सांगायचा, पलीकडची मुलगी कानाला हेडफोन लावून तो थेट कार्डावर छिद्रित करायची. त्यावरून लिओ कुठल्या दुकानाला काय पाठवायचं, याच्या याद्या छापायचा. पगारपत्रकाचंही तसंच. अनुभवी कारकुनाला एका माणसाच्या पगाराला आठ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद. तरीही हातानं केलेल्या हिशेबाशी ताळा जुळेपर्यंत यंत्रावर भिस्त ठेवली गेली नाही.

हे काम करणाऱ्यांकडे संगणकाची पदवी नव्हती, कारण ती पदवीच तेव्हा नव्हती. या साऱ्या मांडणीचा सूत्रधार डेव्हिड कॅमिनर कंपनीत व्यवस्थापनाचा उमेदवार म्हणून आला होता. धंद्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, मेरी कूम्ब्स, फ्रेंच शिकलेली. आणि १९५२ साली रुजू झालेला फ्रँक लँड अर्थशास्त्राचा पदवीधर. बर्लिनमध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा १९३९मध्ये निर्वासित म्हणून इंग्लंडात आला होता.

या लँडनंच पुढे विषयाला विद्यापीठात जागा मिळवून दिली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स म्हटलं की आपल्याला बाबासाहेब आंबेडकर आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध आठवतो. लँडही याच संस्थेचा विद्यार्थी. १९६७ साली तो सिस्टिम अॅनालिसिस शिकवायला तिथं परतला. समाजशास्त्रांच्या संस्थेत हा विषय रुजला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यंत्र कसं बांधावं, हे अभियंते शिकवतच होते. ते यंत्र कचेरीत, दवाखान्यात, बँकेत आलं की कोणाचं काम वाढतं, कोणाचं जातं आणि अधिकार कोणाच्या हाती एकवटतो, हे प्रश्न इथं अभ्यासाचे झाले.

त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी आणि स्वीडनमध्ये बोर्ये लांगेफोर्स यांनी हाच विषय आपापल्या परीनं उभा केला. एडगर कॉड यांनी १९७०मध्ये माहिती तक्त्यांत कशी बसवायची याचा सिद्धान्त दिला, पीटर चेन यांनी १९७६मध्ये तिच्यातली नाती आकृतीत मांडायची रीत दिली. मँचेस्टरच्या एनिड ममफर्ड यांनी तर आग्रहच धरला, की जे प्रणाली वापरणार त्यांनाच तिच्या आखणीत बसवा.

हा आग्रह सोडला की काय होतं, ते ब्रिटननंच पाहिलं. तिथल्या टपाल खात्यानं १९९९पासून आपल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसवली. प्रणालीतल्या चुकांमुळे तूट दिसू लागली आणि शाखा चालवणाऱ्या शेकडो माणसांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले भरले गेले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरंदारं बुडाली. अखेर २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ‘होरायझन’ बनवणारी आयसीएल ही कंपनी विलीनीकरणांच्या साखळीतून लिओचीच वारस. हाताच्या हिशेबाशी ताळा घेऊनच यंत्रावर विसंबणाऱ्यांच्या वारशात ही प्रणाली जन्मली, ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

आपल्याकडे बीसीए, बीसीएस, एमसीए करणारी हजारो मुलं हाच विषय शिकतात. २०२०पासून एमसीए तीन वर्षांवरून दोन वर्षांचं झालं. वेळ आखडला की आधी कात्री लागण्याची भीती असते ती विश्लेषणाला, कारण मुलाखतीत विचारतात ती भाषा आणि कोड. डेटा फ्लो डायग्रॅम मग प्रोजेक्टच्या अहवालात पानं भरण्यापुरता उरतो. ग्रंथालयाची प्रणाली लिहिणाऱ्या मुलीनं ग्रंथपालाशेजारी चार दिवस बसून पाहिलेलं नसतं, की हरवलेल्या पुस्तकाची नोंद तो कुठं आणि का करतो.

म्हणून मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. कोड पाहण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे काम आज कोण करतं? यंत्र चुकलं तर त्याची झळ कोणाला बसेल? आणि ‘यंत्र चुकलंय’ असं त्या माणसानं सांगितलं, तर त्याचं ऐकून घेण्याची सोय प्रणालीत कुठं आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या विद्यार्थ्याकडे असेल, त्याला भाषा कुठलीही येवो, हा विषय त्याला कळला आहे.