लिनक्स संगणकावरील यूएसबी कार्ड रीडर : बिघाडाचे निदान व माहितीचे जतन
(विशेष संदर्भ : कर्जत-खालापूर परिसरातील क्षेत्रकार्य)

बीजसंज्ञा : मेमरी कार्ड, कार्ड रीडर, लिनक्स, कर्नल, फाइल सिस्टिम, क्षेत्रकार्य, माहितीचे जतन

प्रस्तावना :

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सागरकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले तालुके होत. उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत आणि माथेरान, कोथळीगड, इर्शाळगड यांच्या उतारांवर ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. लोकसाहित्य, समाजशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र अशा विविध विषयांचे अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांसह या वाड्यांवर जात असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरेही येथे भरतात. परतताना टिपणवहीसोबत आणखी एक वस्तू येते, ती म्हणजे ध्वनिमुद्रक वा कॅमेऱ्यातील नखाएवढे मेमरी कार्ड. पुढील सर्व लेखन त्या कार्डावर अवलंबून असते.

या कार्डावरील सामग्रीचे मोल तिच्या पुनर्निर्मितीच्या शक्यतेवर ठरते. स्थानांकित छायाचित्रांअभावी नॅकच्या अहवालातील एखादा रकाना रिकामा राहिला, तर पुढील कार्यक्रमात तो भरता येतो. परंतु कातकरी बोलीला स्वतःची लिपी नाही. ती जे काही सांगते ते तोंडाने सांगते, आणि एखाद्या वृद्धेने गायिलेले लग्नातील गाणे दुसऱ्या वर्षी तसेच मिळेल याची शाश्वती नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळून ठाकर समाजाची ती वस्ती ढिगाऱ्याखाली गेली. त्या दिवसापूर्वी तेथे टिपलेले घरांचे वा अंगणांचे कोणतेही छायाचित्र आता नव्याने टिपता येणार नाही. अशी सामग्री असलेले कार्ड रीडरमध्ये घातल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही, तेव्हा नेमके काय करावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लिनक्सचा विचार का, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकेल. सी-डॅकने बॉस लिनक्स ही भारतीय भाषांना आधार देणारी प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध करून दिली होती, तरी बहुतेक विभागांत तिचा परिचय नावापुरताच राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपुष्टात आला आणि विंडोज ११ साठी अपात्र ठरणाऱ्या जुन्या संगणकांचे करायचे काय, हा प्रश्न अनेक कार्यालयांपुढे उभा राहिला. लिनक्स हा त्यावरील सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यामुळे ज्यांनी स्वेच्छेने लिनक्स निवडले नाही, अशा अध्यापकांच्या टेबलावरही ते येत आहे. संगणकशास्त्र विभागातील सहकारी प्रत्येक वेळी हाताशी असतीलच असे नाही.

कार्डापासून पडद्यापर्यंत :

'कार्ड दिसत नाही' हे एक वाक्य वस्तुतः चार-पाच भिन्न दोषांचे नाव आहे. कार्ड रीडर ही निव्वळ खोबण नव्हे. तिच्यात एक छोटी नियंत्रक चिप असते (रिअलटेक, जेनेसिस लॉजिक, अल्कोर मायक्रो यांच्या चिप स्वस्त रीडरांत सर्रास आढळतात). ती एका बाजूने कार्डाशी त्याच्या भाषेत बोलते व दुसऱ्या बाजूने संगणकाला आपण एक काढता-घालता येणारी डिस्क असल्याचे भासवते. संगणकाच्या बाजूला लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रथम यूएसबी उपकरण ओळखतो, मग त्याला साठवण-उपकरणाचा चालक जोडतो, मग डिस्कला 'एसडीबी' वा 'एसडीसी' असे नाव देतो. त्यानंतर विभाग वाचले जातात आणि शेवटी त्यावरील फाइल सिस्टिम जोडली जाते. पडद्यावर चित्र उमटते ते या सर्व कड्या जुळल्यावर. कोणती कडी तुटली हे न पाहता उपाय करणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे होय.

सुदैवाने कर्नल प्रत्येक पायरीची नोंद ठेवतो, आणि लिनक्सचा हा गुण माझ्या मते पुरेसा वाखाणला जात नाही. ती नोंदवही 'डीएमईएसजी' या आज्ञेने वाचता येते. (येथे आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. टंकताना त्यांची रोमन लहान अक्षरे वापरावीत.) अनेक वितरणांत तीपूर्वी 'सुडो' लिहून प्रशासकाचा अधिकार घ्यावा लागतो. आज्ञेपुढे आडवी रेघ व 'डब्ल्यू' हे अक्षर जोडल्यास नोंदी उमटताना जशाच्या तशा दिसू लागतात. ही खिडकी उघडी ठेवून रीडर काढावा, दहा सेकंद थांबावे, पुन्हा जोडावा, आणि मग कार्ड घालावे. बहुतेक निदान या एका कृतीतच होते.

नोंदींचे वाचन :

रीडर जोडूनही एकही नवी ओळ उमटली नाही, तर दोष संगणकाच्या खोबणीत, तारेत किंवा रीडरमध्ये आहे. कार्डाचा येथे संबंधच नाही. उणे ७१ वा उणे ११० असे त्रुटिक्रमांक वारंवार येत असतील तर उपकरण संगणकाला धड उत्तर देऊ शकत नाही असा अर्थ होतो. पहिला क्रमांक संवादाचे नियम मोडल्याचा, तर दुसरा ठरावीक वेळेत उत्तर न आल्याचा. व्यवहारात याची कारणे साधी असतात : लांब जोडतार, स्वतंत्र वीज नसलेले अनेक-खोबणींचे हब, टेबल-संगणकाच्या पुढील सैल खोबणी. रीडर संगणकाच्या मागील खोबणीत थेट लावून पाहावा. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात आणखी एका कारणाचा विचार करावाच लागतो. चार महिने हवा ओलसर असते आणि कार्ड दप्तराच्या कप्प्यात घामाने व धुळीने माखते. एसडी कार्डावर नऊ व मायक्रो एसडी कार्डावर आठ पितळी दिसणारे संपर्क असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने ते हलके पुसून पूर्ण वाळू द्यावेत. फुंकर मारू नये, कारण तिच्यातही ओलावा असतो.

उपकरण 'एलएसयूएसबी' या आज्ञेत दिसते, परंतु डिस्क तयार होत नाही, असा दुसरा प्रकार. येथे महाविद्यालयीन प्रयोगशाळेचे एक खास कारण संभवते. विषाणूंच्या भयाने वा परीक्षेच्या काळात कोणीतरी यूएसबी साठवणुकीचा चालक बंद करून ठेवलेला असतो आणि परीक्षा संपल्यावर ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. वरील आज्ञेला आडवी रेघ व 'टी' जोडल्यास प्रत्येक उपकरणाला कोणता चालक लाभला आहे हे दिसते. तेथे जागा रिकामी असेल, तर प्रणालीच्या 'मॉडप्रोब' संचिकेत तशी बंदी आहे का ते पाहावे. काही वितरणांत कर्नल अद्ययावत केल्यावर संगणक पुन्हा सुरू न केल्यास जुन्या कर्नलचे चालक डिस्कवरून गेलेले असतात, तेव्हाही हेच लक्षण दिसते. त्यावर संगणक पुन्हा सुरू करणे एवढाच उपाय आहे.

डिस्क तयार होते पण 'एलएसबीएलके' या आज्ञेत तिचे आकारमान शून्य दिसते, हा तिसरा प्रकार सर्वाधिक गोंधळाचा. रीडर ओळखला गेला, कार्ड मात्र त्याला दिसलेले नाही, असा याचा अर्थ. बहु-खोबणी रीडरांत प्रत्येक खोबणीला स्वतंत्र नाव मिळते. त्यामुळे चारपैकी तीन नावे शून्य दाखवत असतील तर ते सदोष नव्हे, त्या खोबणी रिकाम्या आहेत इतकेच. चारही शून्य असतील तर कार्ड आतच ठेवून संपूर्ण रीडर काढून पुन्हा जोडावा, कारण कार्ड नंतर घातल्याची वर्दी काही रीडर संगणकाला देत नाहीत. तरीही फरक न पडल्यास रीडरचे वय पाहावे. २ जीबीहून अधिक क्षमतेची एसडीएचसी कार्डे २००६ पासून आणि ३२ जीबीपुढील एसडीएक्ससी कार्डे २००९ पासून प्रमाणित झाली. त्याआधीच्या रीडरला नवे कार्ड वाचता येत नाही, किंवा ते चुकीचे आकारमान सांगते. विभागाच्या कपाटात जपून ठेवलेला रीडर हा अशा वेळी केवळ जपून ठेवण्याच्याच योग्यतेचा असतो.

लॅपटॉपमध्ये अंतर्भूत असलेल्या रीडरबाबत एक खुलासा आवश्यक आहे. त्यांपैकी अनेक यूएसबीमार्गे जोडलेले नसतात, म्हणून कार्डाचे नाव 'एसडीबी' न येता 'एमएमसीबीएलके' या अक्षरांनी सुरू होते. ते नाव ठाऊक नसल्याने समोर असलेले कार्ड पुष्कळांना सापडत नाही.

चौथ्या प्रकारात कार्ड व त्याचे आकारमान दोन्ही योग्य दिसतात, परंतु ते उघडत नाही. अपरिचित फाइल सिस्टिम असा संदेश आल्यास कार्ड बहुधा एक्सफॅट पद्धतीचे असते. एसडीएक्ससी कार्डांसाठी हीच पद्धत ठरलेली आहे. मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील २०१९ मध्ये खुला केला आणि २०२० मधील कर्नल ५.७ पासून तिचा परिपक्व चालक लिनक्समध्ये आला. त्याहून जुन्या प्रणालीवर 'एक्सफॅट-फ्यूज' हे पॅकेज बसवावे लागते. कार्ड उघडते पण लिहू देत नाही, अशी तक्रार असेल तर कार्डाच्या कडेची सरकपट्टी पाहावी. ही पट्टी कार्डाला काहीच सांगत नाही, तिची जागा रीडर चाचपतो. म्हणून मायक्रो कार्डाच्या झिजलेल्या अडॅप्टरमुळेही लेखनबंदी होते. पट्टी योग्य असूनही बंदी असेल तर फाइल सिस्टिममध्ये विसंगती आढळल्याने कर्नलने ती केवळ वाचनापुरती ठेवली असण्याची शक्यता मोठी. ही अडचण नव्हे, हे संरक्षण आहे.

कार्ड सदोष की रीडर, हे अजूनही ठरले नसेल तर अदलाबदलीची जुनी कसोटी पुरेशी आहे. त्याच रीडरमध्ये दुसरे, बिनमहत्त्वाचे कार्ड घालावे आणि तेच कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात आपण हेच शिकवतो.

फॉर्मॅटचा मोह आणि कार्डाची प्रतिकृती :

कार्ड वाचता न आल्यास काही कॅमेरे व संगणक 'फॉर्मॅट करावे काय?' असा प्रश्न विचारतात. क्षेत्रकार्यातील सामग्री सर्वाधिक नष्ट होते ती या प्रश्नाला दिलेल्या होकारामुळे, असे माझे मत आहे. दुसरा धोका दुरुस्तीचा. 'एफएससीके' ही आज्ञा फाइल सिस्टिम सुसंगत करते. तुमच्या फाइली वाचवणे हा तिचा हेतू नाही, आणि सुसंगतीसाठी ती तुटक नोंदी छाटूनही टाकते. ज्यात मोलाची सामग्री आहे त्या मूळ कार्डावर ती चालवू नये.

प्रथम संपूर्ण कार्डाची प्रतिकृती संगणकाच्या डिस्कवर घ्यावी. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' हे साधन उत्तम (डेबियन व उबुंटूमध्ये त्याचे पॅकेज 'जीडीडीरेस्क्यू' या नावाने मिळते). त्याला क्रमाने तीन नावे द्यावी लागतात : मूळ कार्ड, प्रतिकृतीची फाइल आणि प्रगतीची नोंद ठेवणारी फाइल. पहिली दोन नावे उलट दिल्यास अनर्थ ओढवतो, म्हणून 'एलएसबीएलके'मध्ये आकारमान ताडून मगच पुढे जावे. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते. मध्येच वीज गेली, जे आपल्याकडे पावसाळ्यात नवलाचे नाही, तरी नोंदीच्या फाइलीमुळे काम तेथूनच पुढे सुरू होते. प्रतिकृती पेन ड्राइव्हवर घेऊ नये. तो फॅट३२ पद्धतीचा असल्यास एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते आणि १६ जीबीच्या कार्डाची प्रतिकृती अर्ध्यावरच थांबते.

पुढील सर्व प्रयोग या प्रतिकृतीवर करावेत. पुसलेल्या वा घाईत फॉर्मॅट झालेल्या फाइली परत मिळण्याची आशा असते, कारण फॅट पद्धतीत फाइल पुसणे म्हणजे तिच्या नोंदीचे पहिले अक्षर बदलणे व जागा मोकळी असल्याचे लिहिणे एवढेच. प्रत्यक्ष मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून असतो. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे 'फोटोरेक' हे मुक्त साधन फाइलींच्या आरंभखुणा ओळखून त्या वेचून काढते. नाव फोटोचे असले तरी ध्वनिफाइलीही ते शोधते. ध्वनिमुद्रण चालू असताना बॅटरी संपल्यास डब्ल्यूएव्ही फाइलची लांबी शून्य दिसू शकते. लांबीचा आकडा शीर्षभागात अखेरीस लिहिला जातो म्हणून हे घडते, आवाज बहुधा कार्डावर असतोच.

अशा गोंधळापैकी बराचसा कार्ड घाईने उपटण्यातून उद्भवतो. फाइल नकलण्याची पट्टी पडद्यावर पूर्ण भरली तरी लिनक्सने मजकूर तात्पुरता स्मृतीतच ठेवलेला असू शकतो. कार्डावर तो काही वेळाने उतरतो. 'सिंक' ही आज्ञा देऊन ती संपेपर्यंत थांबावे, किंवा फाइल-खिडकीतील बाहेर काढण्याच्या खुणेवर टिचकी मारून अनुमती मिळाल्यावरच कार्ड काढावे.

फोटोरेकने मिळवलेल्या फाइलींची मूळ नावे मात्र परत येत नाहीत. त्यांना केवळ क्रमांकवजा नावे मिळतात. वाडीचे नाव, दिनांक व निवेदकाची ओळख फाइलच्या नावातच साठवण्याची आपली पद्धत येथे उघडी पडते. चाळीस मुद्रणे हाती येतात, पण कोणते गाणे कोणत्या वाडीवरचे हे सांगता येत नाही. यासाठी मुद्रण सुरू होताच स्थळ, तारीख, वेळ आणि निवेदकाच्या संमतीने त्याचे नाव मोठ्याने उच्चारून ध्वनीतच नोंदवावे, आणि छायाचित्रांच्या प्रत्येक मालिकेचे पहिले चित्र टिपणवहीच्या त्या दिवसाच्या पानाचे घ्यावे.